एक डोक्यावर, एक माझ्याकडे

मान सैल सोडा, साहेब — नाही, ही पोस्टरवरची मान झाली, मला घरातली मान हवीय — हां, अशी. फीत गार लागली? लागणारच. टोप काढलेलं डोकं म्हणजे मोजा काढलेलं पाऊल, त्याला सगळंच गार लागतं. तर काय विचारत होतात, बातमी मला कशी कळली? कशी कळणार, सगळ्या जगाला कळली तशीच. रोजच्यासारखी सकाळ होती. इथंच खिडकीपाशी बसले होते, मांडीवर लाकडी डोकं, डोक्यावर जाळी, हातात आकडी, एकेक केस ओवून गाठ मारत होते — बँकेतल्या एका गृहस्थांचा टोप, पुढचा भांग तेवढा राहिला होता — आणि गॅसवर चहा ठेवला होता. तेवढ्यात आमचे भाऊजी आले. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, वरच्याच मजल्यावर राहतात, बस डेपोत मिस्त्री आहेत. जिन्यावर चाहूल न लागणारा माणूस, पण त्या दिवशी दाणदाण उतरत आले आणि फोन माझ्या नाकासमोर धरला. "बघा वहिनी, तुमचे साहेब!" बघते तर तुम्ही. गॅलरीत उभे, अंगात बनियन, बोटांत सिगरेट आणि डोळे मिटलेले — इतके शांत तर तुम्ही नाटकात मरताना पण दिसत नाही. खरं सांगू, मी आधी काय बघितलं असेल? टोप. नीट बसलाय ना, एवढंच. बसला होता. मागनं जरासा उचलला होता, पण ते माझ्या नजरेला, जगाला नाही. जगाला सिगरेट दिसली. चहा उतू गेला तो गेलाच.

आणि आज तुम्ही येता, तेही मागच्या जिन्यानं, कानटोपी भुवयांपर्यंत ओढून, आणि मागता काय, तर तिसरा टोप. काळे दोन आहेतच — एक डोक्यावर, एक माझ्याकडे, हा आपला पहिल्यापासूनचा नेम, एक तुम्ही घालायचा, एक मी धुवायचा, आणि लोकांनी म्हणायचं, साहेबांचे केस बघा कसे टिकलेत! — त्या दुसऱ्याचं विचारणारच आहात, मला ठाऊक आहे, माणूस पाठवला होतात त्यासाठी. त्याची जाळी उसवलीय. वेळ लागेल. ते नंतर बघू. तर तिसरा टोप, आणि तो कसा? करडा, विरळ, आणि मधोमध टक्कल! अहो, ऐकलंत का स्वतःचं बोलणं? ज्याच्या डोक्यावर देवानं खरंखुरं टक्कल दिलंय त्याला ते झाकून वर विणलेलं टक्कल हवंय — कशाला, तर रस्त्यात कुणी ओळखू नये! एवढी वर्षं हा धंदा करते, टक्कल झाकायला येणारे खूप बघितले, टक्कल करून मागणारे तुम्ही पहिले. टोप काढा आणि चालू लागा, सख्खी बहीण ओळखायची नाही. — हसलात. फीत सरकली, पण हसलात, बरं झालं. आलात तेव्हा चेहरा असा होता की मला वाटलं, मोजमाप घेऊ की आधी पाणी देऊ.

नाही, मला कळलंय सगळं. आज डेपोत तुमची सिगरेट सोडवायची सभा आहे, ड्रायव्हर, कंडक्टर, मिस्त्री, सगळे पाळी संपवून जमणार, आणि तुम्ही सकाळीच कळवून टाकलंत, प्रकृती ठीक नाही. कुणी सांगितलं म्हणजे? भाऊजींनीच. जिन्यावर उभं राहून मोठ्यानं सांगितलं, सगळ्या बिऱ्हाडांना ऐकू जावं असं — "आजारी पडले म्हणे! खोकला झाला असेल!" मी म्हटलं, भाऊजी, खोकला तुम्हालाही झालाय. तर वर निघून गेले.

कान जरा वाकवा. दुसरा. — परवा एक वार्ताहर येऊन गेला. पोरसवदा, गोड बोलणारा. "मावशी, तुम्ही त्यांच्या जवळच्या. हा ढोंगीपणा लोकांसमोर आला पाहिजे, तुम्ही खरं काय ते सांगा." मी म्हटलं, बाळा, मी खोटे केस विकते, आणि तू खऱ्याची चौकशी करायला माझ्याकडे आलास? चहा पाजला आणि वाटेला लावला. घाबरू नका, केसांचं त्याला काही कळलेलं नाही, ही सगळी डोकी बघून म्हणतो, तुमच्याकडे नाटकवाले पुष्कळ येत असतील! पण मी त्याला खिडकीतून बघत होते. खाली गेला, कोपऱ्यावर उभा राहिला, आणि पहिलं काम काय केलं असेल? शिलगावली. अगदी भिंतीला टेकून, आरामात. संध्याकाळी तुमच्यावर त्यानंच लिहिलं होतं, काय ते शब्द, ढोंगाचा बुरखा फाटला वगैरे. आता मला सांगा, लिहिणारा स्वतः ओढतो म्हणून त्याचं लिहिलेलं खोटं ठरलं का? नाही ठरलं. तुम्ही ओढता ते ओढताच. — मग? उत्तर द्या की! त्याचं खरं राहतं, तर तुम्ही इतकी वर्षं सांगत आलात, सिगरेट वाईट, तेच कसं खोटं झालं? ते नाही ना कळत तुम्हाला. मलाही पूर्ण कळलंय असं नाही. घाबरलेल्या माणसाला कोडं घालू नये म्हणतात, पण मी काय, हातात फीत असली की तोंड चालतं.

आणि मला तुमच्या सिगरेटचं नवल वाटेल, असं तुम्हाला वाटलंच कसं? पहिल्या टोपालाच कळलं होतं मला. अहो, केस काही विसरत नाहीत, डोक्यावरचे असोत नाहीतर विणलेले. घाम, तळण, अत्तर, धूर — जे मिळेल ते धरून ठेवतात. तुमचा टोप धुवायला यायचा, पिशवीची गाठ सोडली रे सोडली की तुमचा आख्खा आठवडा बाहेर. तुम्ही वरून अत्तर शिंपडून पाठवायचात. म्हणजे टोपालाच टोपी घालायला निघालात की हो! आणि तीही कुणाच्या घरी, तर टोपवालीच्या. मनात म्हणायचे, असू दे, बिचारा शिंपडतो तरी, काहीजण तेवढंही करत नाहीत.

आमच्या घरचेही ओढायचे. तुम्हाला माहीत नसेल. ते गेले तेव्हा तुमचा माणूस हार घेऊन आला होता, त्याच्याकडून कळलं असेल तेवढंच — बस चालवायचे. ओढायचे म्हणजे कसे, शेवटच्या थांब्यावर बस लावली की उतरून पहिली, सुटायच्या आधी दुसरी, मधली कशीबशी पोटात दाबलेली. मी बोलून थकले, डॉक्टर बोलून थकला, सासूबाई तर बोलता बोलता गेल्या. आणि मग त्या शेवटच्या थांब्यावर तुमचं पोस्टर लागलं. तुम्ही असा पंजा पुढं केलेला, आणि खाली — हात मोकळा ठेवा, कुणाचा तरी धरायचा असेल. वाक्य कुणाचं हो? तुमचं नसणार, तुम्ही इतकं थोडक्यात बोलत नाही. असेल कुणा जाहिरातवाल्याचं. तर हे त्या दिवशी घरी आले, चपला काढल्या, आणि उभ्या उभ्या मला म्हणाले, "मी खांबाला टेकून ओढतोय, आणि तो माणूस माझ्यापुढे हात पसरून उभा. भीक मागितल्यासारखा. लाज वाटली गं." झालं. दुसऱ्या दिवसापासून बंद.

बंद म्हणजे, घरात वाघ पाळला होता मी काही महिने! भाजीत मीठ कमी, मीठ जास्त, पंखा का चालू, पंखा का बंद. शेवटच्या थांब्यावर हाताला काम नाही, तर काय करावं ह्यांनी? फडकं घेऊन बसची काच पुसायला लागले. रोज. पुसलेलीच पुन्हा. डेपोत ह्यांची काच प्रसिद्ध झाली, लोक म्हणायचे, हिला काच आहे की नाही हे बोट लावून बघावं लागतं. आणि मग भाऊजींनी सोडली. दादानं सोडली म्हणून. ते सगळं आयुष्य दादानं केलं म्हणून करत आले, लग्नसुद्धा. म्हणजे तुमच्या एका पंजानं ह्या घरातली दोन माणसं सुटली. आणि मी इथं बसून तुमचा टोप धूत होते, पहिल्या पाण्याला चहासारखा रंग यायचा! हे बाहेरून येऊन सांगायचे, "काय माणूस आहे, एका वाक्यात सोडवलं," आणि मी हात पुसत म्हणायची, हो, मोठा माणूस. मला वाटायचं, आपण एक शब्द काढला तर सगळं कोसळेल. गंमत बघा, मी जपत होते कुणाला? तुम्हाला नाही हां, उगाच खूष होऊ नका. ह्यांना जपत होते.

हनुवटी खाली. — त्या खिडकीजवळची ती खुर्ची ह्यांची. संध्याकाळी पाळीवरून आले की तिथं पेपर घेऊन बसायचे, बाजूला तिवईवर माझी लाकडी डोकी, कुणाचे टोप वाळताहेत, कुणाचे धुवायचे. मला वाटायचं, वाऱ्याला बसतात. एकदा काय झालं, तुमचा टोप सकाळी आला, मला दुसरं काम नव्हतं, मी लगेच धुऊन टाकला. हे आले, बसले, पेपर उघडला, पेपर मिटला. त्या टोपाकडे बघत म्हणाले, "आज लवकर धुतलास?" आवाज कसा, तर पोराच्या हातातलं बिस्कीट काढून घ्यावं तसा. मी बघतच राहिले. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, साहेब — वारा नव्हता तो! हे रोज तुमच्या टोपाशेजारी बसून वास घ्यायचे! सोडलेल्या माणसाचं नाक किती तिखट होतं, मी विसरलेच होते. म्हटलं, म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? तर म्हणाले, "पहिल्या पिशवीपासून." मग राग नाही आला? "कशाचा? बसच्या पाठीवर लिहिलेलं असतं, वेग आवरा. ते रंगवणारा आमचा पेंटर मोटरसायकल अशी हाणतो की कुत्री फुटपाथवर चढतात. म्हणून मी काय बस आपटू?" आणि पेपर पुन्हा उघडला. मग पेपराआडून म्हणाले, "सुटत नाहीये गं बिचाऱ्याला. सुटत नाही त्यालाच कळतं, सुटायला हवी ते." त्यानंतर आमचं ठरूनच गेलं, न बोलता. तुमचा टोप आला की मी एक दिवस तसाच ठेवायची, खुर्चीच्या बाजूला. त्यांची संध्याकाळ झाली की मग धुवायची.

काय सांगत होते मी? हां, मागचं माप. मागचं राहिलंय. वाका जरा.

नाही, धुरानं नाही गेले. डोक्यात रक्ताची गाठ झाली होती. जन्मभर डोक्यांवर गाठी मारतेय मी, पण वरच्या मला कळतात, आतल्या नाही. भेटायला आलेल्यांतले काही म्हणाले, सोडून तरी काय मिळालं? लोक म्हणतात. त्यांना काय उत्तर देणार. शेवटी शेवटी बोलता येत नव्हतं त्यांना, पण उजवा हात हलत होता. मोकळा होता. मी धरून बसायची. ते वाक्य ज्यानं लिहिलं तो कुठं भेटला तर त्याला एवढं सांगा.

रुमाल तिथं आहे, डावीकडे. अहो, तुमच्या डोळ्यांत स्पिरिट गेलं असेल, मघाशी कपाळावरचा गोंद काढला ना, त्याचं. नाटकवाल्यांचं मला काही कळत नाही बाई.

आता खरं बोलू का? तुमच्यासाठी आज मी फीत हातात घेतली ती भाऊजींमुळे. तो फोटो मला दाखवला ना, त्याच दिवशी दुपारी वर खिडकी उघडल्याचा आवाज आला. धूर वर जातो म्हणतात, काही खरं नाही, खालीही येतो. मी वर गेले. उभे होते खिडकीत, पाठ माझ्याकडे, नवीन पाकीट कठड्यावर. मी म्हटलं, भाऊजी, काय हे? तर वळलेसुद्धा नाहीत. "वहिनी, दादाला टोपी घातली त्यानं. दादा मूर्ख ठरला." बाकी सगळं ऐकून घेतलं असतं मी. तुम्हाला काय वाटेल ते म्हणू देत, मी तर वर दोन शब्द घातले असते पदरचे. पण मूर्ख! तेवढं नाही सोसलं मला. मी त्यांना सगळं सांगितलं — खुर्ची, तिवई, पेंटर, मोटरसायकल. ऐकून घेतलं त्यांनी. आणि म्हणाले, "तुम्ही त्यांचे टोप करता, वहिनी. तुम्ही त्यांचीच झाकणार." घ्या! जन्मभर लोकांची डोकी झाकली त्याचं हे फळ. मी खरं सांगितलं तरी खोटं वाटतं, आणि तुम्ही खोटं सांगितलंत तरी इतकी वर्षं खरं वाटत आलं. देवानं वाटप करताना काहीतरी घोळ घातला आहे.

आणि भाऊजी अगदीच चुकतात असं नाही हां! मी तुमची बाजू घेत नाहीये, तेवढं नीट ऐका. सगळ्यांना नाक असतं, पण सगळ्यांकडे ह्यांच्यासारखं डोकं नसतं. ह्यांनी वाक्य धरलं, भाऊजींनी माणूस धरला, आणि जगात भाऊजीच जास्त आहेत, साहेब. ते बघून बघून चालणारे असतात. पुढचा खड्ड्यात गेला की हेही खड्ड्यात. तुमच्या सभांना तुम्ही काय म्हणायचात? "मी सोडली, तुम्हीही सोडा." त्यातलं पहिलं अर्धं गाळलं असतं तर कुणाच्या बापाचं काय गेलं असतं? "तुम्ही सोडा" एवढं पुरे नव्हतं का? पण नाही, तुम्हाला कपाळावर गंध लावल्याशिवाय उपदेश करता येत नाही! डोक्यावर टोप असला तर चालतो, साहेब, नाटक आहे, पोट आहे, कुणाचं नुकसान नाही. वाक्याला टोप घालू नये. — वा, हे बरं जमलं. लिहून घ्या, पोस्टरवर घाला.

झालं माप. उठा. पण तो टकलाचा टोप मी करणार नाही. का म्हणजे काय, लाकूड नाही, केस नाहीत, मन नाही, काय वाटेल ते समजा. तुम्ही असं करा, आहात तसे जा डेपोत. असेच, मोकळ्या डोक्यानं. पहिलं कुणी ओळखणारच नाही, कंडक्टर विचारेल, काका, कुठं जायचंय? आणि मग वर चढून सांगा, मी ओढतो, मला सुटत नाही, तुम्ही सवय लावून घेऊ नका. बास. भाषण नको, पंजा नको. हसतील? हसू देत की! टकलाला हसतील आधी, बाकीचं त्यात खपून जाईल. शिव्याही घालतील एखाददोन, डेपोतली माणसं आहेत. पण मागं कुठंतरी हाताला काळं ग्रीस लागलेला एक माणूस उभा असेल, ह्यांच्यासारखंच नाक, ह्यांच्यासारखीच जिवणी — त्याच्याकडे बघून सांगा, तुझ्या दादाला माहीत होतं. एवढं एक माझं काम करा. माझ्याकडून ऐकत नाही तो. तुमच्याकडून ऐकेल की नाही, तेही मी सांगू शकत नाही. मी काय ज्योतिषी आहे?

काय म्हणता? निदान तो दुसरा काळा तरी द्या, हा डोक्यावरचा पार मळलाय? म्हणजे माझं एवढं ऐकून शेवटी टोपावरच आलात! सांगितलं ना, त्याची जाळी — अहो, तिकडे कुठं — त्याला हात लावू नका! नाही, नाकाशी नेऊ नका म्हणते ना! ठेवा. ठेवा तो, तिवईवर, होता तसा. तोंड खुर्चीकडे होतं त्याचं. हां.

जाळी उसवलेली नाही. जाळीला काही झालेलं नाही. तो धुवायला आला त्याच संध्याकाळी ह्यांना दवाखान्यात नेलं. त्यांचं बसणं व्हायचं होतं अजून. आता त्याला वास उरलाय की नाही, ते मलाही कळेनासं झालंय.

निघा तुम्ही. पाळी सुटायची वेळ झाली, पोचायला हवं तुम्हाला. हा घ्या तुमचा मळका, आणि घाला नाहीतर खिशात ठेवा, तुमचं डोकं, तुमची मर्जी. पुढच्या जिन्यानं जा. दार नुसतं ओढून घ्या, कडी मी लावते. आणि तो परत मागू नका. तो धुवायचा राहिलाय.